सामानाच्या यादीतला संगणक

वर्गात इतिहास शिकवताना मी मुलांना एक गोष्ट नेहमी सांगत असे. राजांच्या पत्रांत मखलाशी सापडेल, बखरीत तर हमखास सापडेल, पण सामानाच्या यादीत माणूस सहसा खोटं बोलत नाही. (जकात चुकवायची असली तर बोलतो म्हणा, पण ते खोटंही अभ्यासाला फार उपयोगी असतं.) घर सोडून लांब निघालेला माणूस बरोबर काय घेतो आणि मागे काय ठेवतो, यावरून त्या काळात कशाला किंमत होती ते बरोबर कळतं.

आमच्या घरात अशी एक यादी आहे. फार जुनी नाही, २००२ सालची. माझा पुतण्या नोकरीसाठी अलिबागहून मेलबर्नला गेला, तेव्हा सामान जहाजाने पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटाने केलेली ही कार्बन कॉपी. तिच्यात प्रेशर कुकर आहे, स्टीलचे डबे आहेत, पुस्तकं आहेत, दोन गोधड्या आहेत. आणि नवव्या ओळीत लिहिलंय, 'वापरलेला संगणक, १ नग, खोकी २.'

आजच्या मुलांना ही ओळ वाचून हसू येईल. पंचवीसेक किलोचं ते धूड समुद्रापार न्यायचं कशाला? तिकडे संगणक मिळत नव्हते का? मिळत होते, आणि इथल्यापेक्षा चांगले मिळत होते. तरीही तो गेला. त्यामागे थोडा देशाचा इतिहास आहे आणि थोडा आमच्या घराचा.

आपल्याकडे पहिला डिजिटल संगणक आला तोच मुळी समुद्रावरून. १९५५ साली प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून एचईसी-२एम नावाचं यंत्र घेतलं. किंमत सुमारे २ लाख रुपये. लांबी दहा फूट, आत काचेच्या व्हॉल्व्ह आणि माहिती साठवायला फिरणारा ड्रम, ज्यात जेमतेम १०२४ शब्द मावत. यंत्र खोक्यांतून आलं आणि त्याची जोडणी संस्थेच्याच अभियंत्यांनी केली. आठेक वर्षांनी, १९६३ मध्ये, कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आलं, ते विमानाने. पण विमानतळापासून संस्थेपर्यंतचा शेवटचा प्रवास बैलगाडीतून झाला, ही आठवण तिथली जुनी माणसं कौतुकाने सांगतात. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. नाजूक सामान खड्ड्यांच्या रस्त्याने न्यायचं तर सावकाश चालणारी बैलगाडीच बरी, हे कोकणातल्या कुठल्याही आंबेवाल्याला विचारा.

ही झाली संस्थांची गोष्ट. घरात संगणक यायला पुढे वीसपंचवीस वर्षं लागली. आयबीएमचा पीसी अमेरिकेत ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. आपल्याकडे आयात शुल्क इतकं होतं की तो घरात असण्याची कल्पनाच करवत नव्हती. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने संगणकाचं नवं धोरण आणलं, शुल्क उतरलं, पण 'उतरलं' म्हणजे कंपन्यांना आणि बँकांना परवडण्याइतकं. मास्तरांना नव्हे.

त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकात संगणकाचा घरगुती प्रवास असे तो बाहेरून आत. परदेशातून कायमचे परतणाऱ्यांना घरसामान आणताना कस्टम्सची सवलत मिळे. त्याला सगळे नुसतं 'टीआर' म्हणत, म्हणजे ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स. किमान दोन वर्षं परदेशात राहिलेलं असावं लागे. मग रंगीत टीव्ही, व्हीसीआर, वॉशिंग मशीन अशा थाटात संगणकही उतरे. सहार विमानतळावर त्या खोक्यांना बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्या आणि त्यांवर मार्करने लिहिलेली ठळक नावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो काळ वेगळा सांगायला नको.

या खोक्यांच्या पाठीमागे एक छोटा लाल खटका असे, ११५ आणि २३० असे आकडे लिहिलेला. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. खटका ११५वर ठेवून यंत्र आपल्या भिंतीत लावलं की आतल्या कपॅसिटरवर दुप्पट दाब येई, 'फट्' असा आवाज होई आणि खोलीभर जळका वास. उलट दिशेला जाणाऱ्याला मात्र माफी होती. २३०वर ठेवलेलं यंत्र तिकडच्या विजेवर नुसतं गप्प बसे, मरत नसे. आमच्या आळीत एका घरी अमेरिकेहून आलेल्या संगणकाची पूजा झाली, नारळ फुटला आणि पाठोपाठ तेही फुटलं. त्या घरची मंडळी नंतर कित्येक वर्षं ती हकीकत स्वतःच रंगवून सांगत.

असो. आमच्याकडे संगणक आला १९९७ मध्ये. भावाने घेतला, पुतण्याच्या शिक्षणासाठी. माझ्या तेव्हाच्या पाच-सहा महिन्यांच्या पगाराइतकी त्याची किंमत होती. त्याच्यावर भरतकाम केलेलं कापड असे आणि पावसाळ्यात खोलीत शेगडी ठेवून हवा कोरडी करत. पुतण्याने त्यावर अभ्यास किती केला ते तोच जाणे, पण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला वेगळ्याच कामाला लावलं.

आप्पा कोर्टात कारकून होते आणि त्यांना मोडी उत्तम येत असे. आमच्या पोटमाळ्यावर घराण्याच्या मोडी कागदांची एक पेटी होती. फार थोर काही नाही. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांतले हिशेब. नारळ-सुपारीच्या बागांचा खंड, मिठागरावरच्या मजुरांची मजुरी, मचव्यातून मुंबईला पाठवलेल्या मालाच्या यादी, एका विधवा आत्याला दरमहा दिलेलं धान्य. राजकारणाचं एक अक्षर नाही. पण त्या काळी आमच्या भागातली माणसं काय खात होती, काय विकत होती आणि कुणाला किती देणं लागत होती, ते सगळं त्यात. कागद इतके कुरकुरीत झाले होते की उलगडताना कडा हातात येत. मग आप्पा भिंग घेऊन वाचत आणि नातू टाइप करी. असं चार वर्षं चाललं. २००१च्या दिवाळीनंतर आप्पा गेले, तेव्हा संगणकात दोनशेहून अधिक पानं जमली होती.

आता इथे एक तांत्रिक भानगड सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो आणि ते जगात कुठेही मराठीच दिसतं. तेव्हा तसं नव्हतं. आपल्याकडे या विषयावर काम झालं होतं, चांगलं झालं होतं. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६चा, इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण १९९१ साली पक्कं झालेलं. कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्याचं एक कार्डच मिळे. ते संगणकाच्या पोटात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटे. म्हणजे मराठी ही अक्षरशः यंत्रात खोचलेली वस्तू होती! नंतर विंडोज आलं, कार्ड गेलं आणि फॉन्टांचं राज्य आलं. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा, प्रत्येकाचा आतला क्रम निराळा. 'क' या अक्षराच्या जागी एका फॉन्टमध्ये इंग्रजी के असे, तर दुसऱ्यात भलतंच चिन्ह. फॉन्ट नसेल तर आप्पांचा हिशेब म्हणजे नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा चिवडा. शिवाय आमच्या सॉफ्टवेअरला चोरीविरुद्ध एक कुलूप होतं. आगपेटीएवढी एक डबी प्रिंटरच्या खोबणीत लावलेली असली तरच ते चाले.

तुम्ही म्हणाल, मग सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर चढवायचं, फायली सीडीवर घ्यायच्या आणि निघायचं. फायली घेतल्याच होत्या सीडीवर. पण सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्यांपैकी तिसरीला बुरशी लागली होती. अलिबागच्या चार पावसाळ्यांत लागायचीच. विकणाऱ्याने दुकान बदललं होतं आणि नवी आवृत्ती जुन्या फायली वाचेल याची हमी कुणी देईना. थोडक्यात, आप्पांची दोनशे पानं जगात एकाच यंत्रावर वाचता येत होती. छापील प्रत होती ती पहिल्या साठेक पानांची, तीही डॉट मॅट्रिक्सच्या शेवटच्या घटका मोजणाऱ्या रिबिनीवर. आणि ते यंत्र चालवू शकणारा एकुलता एक माणूस मेलबर्नला निघाला होता.

म्हणून संगणक यादीत गेला.

बांधाबांध दोन दिवस चालली. मॉनिटरचं मूळ खोकं थर्मोकोलसकट पोटमाळ्यावर जपलेलं होतं. (खोकी टाकायची नाहीत हा आमच्या घरचा कुळाचार. त्या दिवशी त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.) कॅबिनेटचं खोकं मात्र कधीच वाळवीने खाल्लेलं. भावाने आंब्याची मोठी पेटी आणली आणि सवयीने तळाशी भाताचा पेंढा पसरला. एजंटाचा माणूस ओरडलाच. ऑस्ट्रेलियात पेंढा चालत नाही. किडे आणि बी येईल म्हणून ते लोक पेंढ्यात बांधलेलं सामान बंदरातच अडवतात. लाकडाचीही तीच कडक तपासणी. मग जाड पुठ्ठ्याचं खोकं आलं, आणि यादीतल्या त्या दोन गोधड्या संगणकाभोवती गेल्या. आईने शिवलेल्या. आत सुटी असलेली कार्डं पुतण्याने काढून वेगळी गुंडाळली, कारण हादऱ्यांनी ती खोबणीतून निसटतात. विजेची तार मात्र त्याने इथेच ठेवली. संगणकाच्या पाठीची खोबण जगभर एकच असते, भिंतीतली तेवढी देशोदेशी वेगळी. तिकडची तार तिकडे मिळते.

हार्ड डिस्क आणि ती कुलपाची डबी त्याने हातातल्या पिशवीत घेतली. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा पोपटात, तसा या यंत्राचा जीव विमानाने गेला आणि देह न्हावा शेव्याहून जहाजाने. विम्याच्या कागदावर एजंटाने संगणकाची वापरलेली किंमत लिहिली, आठ हजार रुपये. 'आतल्या मजकुराचं काय?' असं भावाने विचारलं. त्या माणसाने शांतपणे सांगितलं की मजकूर हा सामानात धरत नाहीत.

खोकी पोचायला दोन महिने लागले. ऑस्ट्रेलियातली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० आवर्तनांची, त्यामुळे लाल खटक्याला हात लावायची गरज नव्हती. यंत्र पहिल्याच फटक्यात सुरू झालं. आणि पुतण्याचा फोन आला, 'आत्या, पडद्याच्या कोपऱ्यांत हिरवे-गुलाबी डाग दिसतायत.'

आम्हाला वाटलं, वाटेत आपटलं. पण आपटलं नव्हतं. जुन्या काचेच्या पडद्यांत मागून सोडलेले इलेक्ट्रॉन एका जाळीच्या भोकांतून नेमक्या रंगाच्या ठिपक्यावर आदळावे लागतात. पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना वाटेत किंचित वळवतं. कारखान्यात ते धरूनच मॉनिटर जुळवत, आणि उत्तर गोलार्धासाठी वेगळे, दक्षिणेसाठी वेगळे जुळवत. आमचा मॉनिटर उत्तरेचा होता. मेलबर्नला नेल्यावर त्याच्या इलेक्ट्रॉनांचा नेम चुकू लागला. चुंबकत्व घालवण्याचं बटण दाबलं की डाग थोडे कमी होत, पण जात नसत.

मला मात्र हे ऐकून फार गंमत वाटली, कारण आमच्या अलिबागची ओळखच मुळी चुंबकीय वेधशाळेची. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. तिथे विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया बहकणार, म्हणून १९०४ साली ती मोजणी अलिबागला हलवली. लोखंड टाळून बांधलेल्या त्या इमारती पाहायला मी दर वर्षी सहावीची मुलं घेऊन जात असे. मोकळी टांगलेली चुंबकसूची आपल्याकडे उत्तर टोकाने पंचवीस अंशांच्या आसपास खाली झुकते, हे मुलांना सांगताना त्याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध, असा प्रश्न एखादा द्वाड मुलगा हमखास विचारी. मेलबर्नला तीच सूची दक्षिण टोकाने एकोणसत्तर अंशांच्या घरात झुकते. आप्पांच्या हिशेबावर पडलेला तो गुलाबी डाग म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर होतं, जरा उशिरा आलेलं.

यानंतर काळ भराभर बदलला. जानेवारी २००४ मध्ये सरकारने प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणायची मुभा दिली. जागतिक व्यापार संघटनेतल्या माहिती तंत्रज्ञान कराराप्रमाणे २००५ पर्यंत संगणकावरचं आयात शुल्कच शून्यावर आलं. यादीतून डेस्कटॉप गेला, कारण त्याला जपण्याजोगी किंमतच उरली नाही.

आणि त्याच २००५च्या २६ जुलैला तो पाऊस झाला. मुंबईचा सगळ्यांना आठवतो, रायगडात काय झालं ते कमी जणांना. आमच्या घराची कौलं एका बाजूने सरकली, पोटमाळ्यावर रात्रभर पाणी झिरपलं आणि मोडी कागदांच्या पेटीतला खालचा अर्धा गठ्ठा लगद्यासारखा झाला. त्या अर्ध्या गठ्ठ्याची वाचता येईल अशी प्रत आता पृथ्वीच्या पाठीवर एकाच ठिकाणी होती, मेलबर्नच्या एका भाड्याच्या घरात, डाग पडलेल्या पडद्यावर.

२००८-०९मध्ये पुतण्याने ती पानं युनिकोडमध्ये आणायचं काम हाती घेतलं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासूनच आहे, पण घरगुती संगणकांवर ती नीट दिसू लागली विंडोज २००० आणि एक्सपी आल्यावर. त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जुन्या चिन्हाच्या जागी नवं अक्षर ठेवणारा. ऐकायला सोपं. पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, जशी ती दिसते तशी. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. त्यामुळे सुरुवातीला सगळ्या वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. 'सुऱ्या' आणि 'वाऱ्यावर' यांतला आपला खास अर्धा ऱ तर गळूनच गेला. हे सगळं दुरुस्त करता येतं, कारण शब्द चुकला की वाचणाऱ्याला कळतं.

आकड्यांचं तसं नाही. जुन्या हिशेबात पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन आणि पाऊण म्हणजे अर्ध्याच्या दोन रेघांपुढे आणखी एक. १॥ म्हणजे दीड. पुतण्याने टाइप करताना त्यासाठी दंड वापरला होता. प्रोग्रॅमने त्याला वाक्याचा शेवट समजून सलग आलेल्या सगळ्या दंडांच्या जागी एकच टिंब ठेवलं. दीड मण भात, पावणेदोन मण भात आणि सव्वा मण भात, तिन्हींच्या पुढे एकसारखं '१.' उमटलं. वाचणाऱ्याला शंकाही येऊ नये इतकं नीटनेटकं. त्या विधवा आत्याला मिळणारं धान्य दर महिन्याला वेगळं असे. नव्या प्रतीत ते दर महिन्याला एकच झालं होतं.

ते माझ्या लक्षात आलं ते मचव्याच्या यादीवरून. नगांची बेरीज खाली दिलेल्या बेरजेशी जुळेना. मग दर रविवारी तो तिकडे जुनं यंत्र सुरू करून मूळ पान वाचे आणि मी इकडे नवी प्रत घेऊन फोनवर रेघा दुरुस्त करी. 'दोन रेघा, आत्या. पुढे एक अजून.' तिकडे दुपार, इकडे सकाळ. असे चौदा महिने गेले. मधे मॉनिटर बंद पडला तेव्हा त्याने सपाट पडदा जोडला, त्याला गोलार्धाचं काही देणंघेणं नव्हतं. पण खालचं यंत्र तेच ठेवलं. प्रोग्रॅम दुरुस्त करून पुन्हा चालवता आला असता, आणि तो त्याने चालवलाही. पण टाइप करताना काही ठिकाणी खरोखरच वाक्याचा शेवट म्हणून दंड दिला होता, आणि कुठला दंड रेघ नि कुठला विराम हे ठरवायला डोळे लावूनच वाचावं लागत होतं.

एकूण २१८ पानं झाली. त्यांतल्या अकरा पानांवर बेरीज अजून जुळत नाही. तिथे चूक मूळ लिहिणाऱ्याची, आप्पांच्या भिंगाची की नातवाच्या बोटांची, हे कळायला मूळ कागद राहिला नाही. त्या आकड्यांपुढे मी प्रश्नचिन्ह घालून ठेवलंय. जुनं यंत्र पुतण्याने २०११ मध्ये भंगारात दिलं. डबीएवढं कुलूप मात्र पुढच्या खेपेला येताना त्याने मला आणून दिलं. या खेपेला सामानाची यादी कुणी केली नव्हती, ते खिशातूनच आलं.